बाकं परत आणा: वसाहतीच्या व्यवस्थापक समितीला खुलं पत्र

मा. अध्यक्ष, सचिव आणि समितीचे सर्व सदस्य,

स. न. वि. वि.

गेल्या सोमवारी सूचनाफलकावर आपली नोटीस लागली. फिरण्याच्या वाटेवरची सहाही बाकं ‘देखभाल व सौंदर्यीकरणाच्या दृष्टीने’ काढण्यात येत आहेत. सभागृह सकाळी बंद राहील. सकाळी आठच्या आत बागेत ‘समूहाने मोठ्याने बोलण्यास वा हसण्यास’ मनाई आहे. आणि ज्येष्ठ सदस्यांच्या सोयीसाठी एक व्हॉट्सॲप ग्रुप सुरू केला आहे. मी वाचलं, घरी गेले, चष्मा पुसला आणि परत येऊन वाचलं. ‘हसण्यास’ हा शब्द खरोखरच होता.

मंगळवारी सकाळी आम्ही बागेत गेलो तर बाकांच्या जागी सिमेंटमधून वर आलेले बोल्टचे खुंट तेवढे शिल्लक. तिसऱ्या बाकाच्या जागी एक नवाकोरा रंगीत फलक उभा होता: ‘मनाने तरुण राहा! रोज १०,००० पावलं चाला!’ फलक छान झालाय, रंगसंगतीही चांगली आहे. पण तो उभ्याने वाचावा लागतो.

कार्यालयात मी दोनदा येऊन गेले. एकदा ‘मीटिंगमध्ये मांडू’ म्हणालात, दुसऱ्यांदा ‘काकू, निर्णय झालाय आता’. म्हणून हे पत्र सगळ्यांना वाचता येईल असं लिहितेय. कुणाशी भांडण काढायचं नाही. समितीतल्या दोघांना तर याच वाटेवर सायकल शिकताना धडपडलेलं मी पाहिलंय, आणि गुडघ्यावर फुंकरही घातलीय. पण गप्प बसणं मला जमणार नाही.

आधी माझं सांगते. वय ७२. नोकरीची ३१ वर्षं आस्थापना विभागात गेली आणि मस्टर माझ्याकडे असायचं. कोण आलं, कोण उशिरा आलं, कोण न सांगता राहिलं, हे लिहिता लिहिता केस पांढरे झाले. चार वर्षांपूर्वी उजवा गुडघा बदलला. डॉक्टर म्हणाले, चालायचं, रोज चालायचं. बोलणं सोपं असतं. बागेची एक फेरी साधारण ४०० मीटरची आणि मला तेव्हा सलग शंभर मीटर गेलं की घाम फुटायचा. फाटकापासून पहिलं बाक साठ-सत्तर पावलांवर होतं. तिथवर जायचं, बसायचं, श्वास घ्यायचा, आल्या वाटेने परत. पंधरा दिवसांनी दुसऱ्या बाकापर्यंत गेले. तिसऱ्याची एक फळी सुटलेली होती, कुणीतरी ती तारेने आवळून बांधली होती. त्या तारेचं टोक साडीला अडकायचं म्हणून मी त्याच्या डाव्या अंगाला बसायचे. पूर्ण फेरी व्हायला मला अडीच महिने लागले. त्या अडीच महिन्यांत मी जे चालले ते बाक ते बाक चालले. पुढे बसायला मिळणार आहे याची खात्री असली की पाय उचलतो. गुडघा बदललेल्या, दमा असलेल्या, पंचाहत्तरी ओलांडलेल्या कुणालाही विचारा.

तिसऱ्या बाकावरच मला बाकीचे भेटले. आज गटात २३ जण आहेत. निवृत्त ड्रायव्हर, एक शिंपीण, दोन शिक्षिका, एक नर्सबाई, बँकेतले तिघं (तिघांचं एकमेकांशी पटत नाही), आणि एक गृहस्थ जे काय करायचे हे त्यांनी अजून सांगितलेलं नाही. सकाळी साडेसहा ते साडेसात. दोन फेऱ्या, मग बाकाभोवती व्यायाम. समितीला वाटतं आम्ही तिथे नुसते बसतो, म्हणून जरा सविस्तर लिहिते. हात न टेकता बाकावरून उठायचं आणि सावकाश बसायचं, दहा वेळा. मांड्यांना याच्याइतका साधा आणि चांगला व्यायाम नाही; वृद्धांची ताकद तपासताना तज्ज्ञही तीस सेकंदांत माणूस खुर्चीवरून किती वेळा उठतो ते मोजतात. मग बाकाची पाठ धरून टाचा वर. मग पाठीवर एक बोट ठेवून एका पायावर दहा सेकंद. नर्सबाई आकडे मोजतात आणि सात-आठच्या दरम्यान मुद्दाम रेंगाळतात, त्यावरून रोज ओरडा होतो. आपल्या नोटिशीतलं ‘मोठ्याने बोलणं’ ते हेच.

पासष्टीपुढच्या माणसांनी आठवड्यातून निदान तीन दिवस तोल आणि ताकद यांचे व्यायाम करावेत, शिवाय आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं चालण्यासारखी मध्यम हालचाल व्हावी, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली सांगितलं. आम्ही ते एका मोडक्या बाकावर, कुणाकडे काही न मागता करत होतो.

आता मस्टरविषयी. सवय जाता जात नाही, म्हणून पहिल्याच वर्षी मी एक वही घातली. हजर असेल तर ‘ह’, सांगून गेला असेल तर ‘र’ आणि पुढे कारण: लेकीकडे, मोतीबिंदू, लग्न, कंटाळा. कंटाळा हे कारण आम्ही मान्य करतो, पण सांगावं लागतं. रिकामी चौकट चालत नाही. सव्वासातपर्यंत चौकट रिकामी राहिली की फोन. फोन उचलला नाही तर दोघांनी दारापर्यंत जाऊन यायचं.

सुरुवातीला सगळे हसले. ‘बाई, रिटायर झालात, आम्हांलाही होऊ द्या,’ असं बँकेतले एक जण म्हणाले होते. मागच्या वर्षी एका बुधवारी ड्रायव्हरकाकांची चौकट रिकामी राहिली. ते एकटे राहतात. फोन वाजत राहिला. दोघं गेले, बेल वाजवली, उत्तर नाही. शेजाऱ्यांकडे जादा किल्ली होती, कारण ‘एकट्याने राहणाऱ्याने किल्ली शेजारी द्यायची’ हा नियमही आम्ही बाकावरच केला होता. काका न्हाणीघराच्या फरशीवर पडलेले. पहाटे चारपासून. खुब्याचं हाड मोडलं होतं, अंग गार पडलं होतं, बोलत होते मात्र शुद्धीवर. पहिलं वाक्य काय, तर ‘माझा ‘र’ लावा’. पाच महिन्यांनी काठी टेकत ते तिसऱ्या बाकापर्यंत आले, त्या दिवशी बाग दणाणली होती हे खरं. त्या आवाजाची एखादी तक्रार आपल्याकडे आली असेल तर ती रास्त आहे, आणि त्या दिवसापुरती माफी मागते.

त्यांचा मुलगा दूर असतो. त्याला कळलं तेव्हा काका ऑपरेशन थिएटरमध्ये होते. तो वाईट मुलगा नाही, रोज रात्री नियमाने फोन करतो. पण रात्रीचा फोन आणि पहाटे चारची फरशी यांच्यामध्ये आमची वही होती.

या पार्श्वभूमीवर माझ्या तक्रारी.

सर्वांत मोठी तक्रार बाकांची. ‘सौंदर्यीकरण’ म्हणून जे काढलं ते आमचं चालण्याचं साधन होतं. मंगळवारपासून मी रोज वहीत बघतेय. २३ पैकी सात जण यायचे थांबले. शिंपीणबाई फाटकातून वळणापर्यंत येतात, तिथे भिंतीला टेकून दोन मिनिटं उभ्या राहतात आणि परत फिरतात, कारण पुढे टेकायला भिंत नाही. त्यांना कुणी बागेत यायला मनाई केली नाही, हे खरंच. पण मंगळवारच्या आधी त्या अख्खी फेरी मारत होत्या. जागतिक आरोग्य संघटनेने २००७ साली वयस्नेही शहरांसाठी एक मार्गदर्शिका काढली, तिच्यात बागांमध्ये आणि रस्त्यांवर ठरावीक अंतरांवर बसायची सोय हवी, हे स्पष्ट शब्दांत आहे. जगभरच्या म्हाताऱ्यांना विचारून केलेली यादी आहे ती. आमची समिती आम्हांला न विचारता उलट्या दिशेने गेली.

दुसरी त्या फलकाची. दहा हजार पावलं हा आकडा आला कुठून, हे फलक लिहिणाऱ्याने पाहिलं असतं तर बरं झालं असतं. १९६०च्या दशकात जपानमध्ये पावलं मोजायचं एक यंत्र विकायला आलं, त्याचं नावच ‘दहा हजार पावलांचा मापक’ अशा अर्थाचं होतं. आकडा कानाला गोड, तो चिकटला. पुढे २०१९ साली सरासरी ७२ वर्षांच्या सुमारे १६,७०० स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. म्हणजे माझ्याच वयाच्या बायका. त्यात दिवसाला साधारण २,७०० पावलं चालणाऱ्यांपेक्षा ४,४०० पावलं चालणाऱ्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण ४१ टक्क्यांनी कमी दिसलं, आणि ७,५०० च्या पुढे विशेष फरक पडत नव्हता. दहा हजाराचा फलक बघून ड्रायव्हरकाका म्हणाले, ‘मग आपलं काय, नापासच.’ काठी टेकत रोज दोन हजार पावलं करणाऱ्या माणसाला आपण नापास केलंत, आणि तेही त्याच्या बसायच्या जागेवर उभं राहून.

व्यायामशाळेचं थोडक्यात लिहिते. प्रवेशाची वयोमर्यादा १८ ते ६०. त्यापुढे डॉक्टरांचं प्रमाणपत्र ‘व जबाबदारीचे हमीपत्र’. स्नायू सर्वांत जास्त झडतात ते साठीनंतर, आणि दार बंद होतं तेही साठीलाच. दोन महिने प्रमाणपत्र घेऊन फिरलेल्या एका शिक्षिकाबाईंना अखेर सांगितलं की यंत्रं त्यांच्यासाठी नाहीत. मला स्वतःला यंत्रांची हौस नाही. पण साठीच्या माणसाला असं दारातून परत पाठवलं की त्याच्या मनात काय जातं, हेही बघायला हवं. म्हातारपणाविषयी ज्यांचं मत बरं असतं ते जास्त जगतात, असं २००२ सालच्या एका प्रसिद्ध अमेरिकन अभ्यासात आढळलं होतं, आणि फरक थोडाथोडका नव्हता, साडेसात वर्षांचा होता. ‘मनाने तरुण राहा’ असं एका हाताने लिहून दुसऱ्या हाताने वयाची पाटी लावू नये, एवढंच.

आणि तो ग्रुप. पहिल्या दिवशी त्यावर ४१ फुलं आली, ११ सूर्योदय आणि कफावर घरगुती उपायांचा एक लांबलचक मजकूर, जो नर्सबाईंनी वाचून कपाळावर हात मारला. मी ग्रुपच्या विरोधात नाही. नातवंडांचे फोटो मीही बघते. पण आमच्यातल्या सहा जणांकडे तसा फोन नाही, दोघांना बारीक अक्षर दिसत नाही, आणि एक काका कमी ऐकू येतं म्हणून एरवी कुणात मिसळायचे नाहीत. ते बाकावर यायचे, कारण तिथे शेजारी बसून ओठ दिसतात. बहिरेपण, हालचालीचा अभाव आणि एकटेपणा ही तिन्ही स्मृतिभ्रंशाच्या टाळता येण्याजोग्या कारणांच्या यादीत आहेत. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने नेमलेल्या आयोगाच्या २०२४ सालच्या अहवालात अशी १४ कारणं दिली आहेत, आणि ती सगळी हटवली तर जगातले सुमारे ४५ टक्के स्मृतिभ्रंश टळू किंवा लांबू शकतील असा अंदाज मांडलाय. या काकांची तीन कारणं एका बाकावर हलकी होत होती. ग्रुपवर ते आहेत. ‘सीन’ दिसतं. बोलत नाहीत.

एकटेपणा हा शब्द आला की समोरचा माणूस जरा हळवा चेहरा करतो आणि विषय बदलतो. समितीचंही तसंच झालं असावं. म्हणून आकड्यांतच सांगते. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयोगाचा जून २०२५ चा अहवाल म्हणतो की जगात दर सहांतला एक माणूस एकटेपणाने ग्रासलेला आहे आणि त्याच्याशी जोडले गेलेले मृत्यू वर्षाला ८,७१,००० हून जास्त, म्हणजे तासाला सुमारे शंभर. त्याआधी २०१० साली १४८ अभ्यास आणि तीन लाखांहून अधिक माणसं एकत्र करून पाहिलं गेलं, तेव्हा घट्ट नाती असलेल्यांची जगण्याची शक्यता ५० टक्क्यांनी जास्त निघाली. हार्वर्डचा एक अभ्यास १९३८ पासून चालू आहे. तरुण मुलगे घेतले आणि ते म्हातारे होईपर्यंत त्यांच्या मागे राहिले. पन्नाशीत ज्यांची नाती समाधानाची होती तेच ऐंशीत जास्त निरोगी निघाले. त्यांच्या पन्नाशीतल्या कोलेस्टेरॉलवरून एवढा अंदाज येत नव्हता. आता एकटेपणामुळे आजार की आजारामुळे एकटेपणा, असा प्रश्न कुणी विचारेल. दोन्ही असणार. दार बंद करून घरात बसलेल्या माणसाला हा फरक कळून काय उपयोग.

माझा स्वतःचा अनुभव त्याहून साधा आहे. सकाळी सहाला गुडघा ठणकत असतो, पांघरूण ओढून घ्यावंसं वाटतं. गुडघ्यासाठी मी उठत नाही, खरं सांगते. वही माझ्याकडे असते म्हणून उठते. मी गेले नाही तर माझी चौकट कोण भरणार? तब्येतीसाठी चालायला निघालेले किती जण महिन्याभरात सोडून देतात ते मी नवीन वर्षाच्या पहिल्या आठवड्यात दरवेळी बघते. आमच्या २३ जणांतले १९ गेली तीन वर्षं टिकून आहेत. कुणीतरी वाट बघतंय म्हणून ते येतात, आणि आले की चालतात.

सगळा दोष आपल्याच पदरात घालत नाही. सकाळी साडेसहाला पहिल्या मजल्यावर तान्हं मूल झोपलेलं असतं आणि खाली आमचा हास्याचा धबधबा, हे त्या आईला त्रासाचंच आहे. ती बिचारी एकदा गॅलरीत येऊन नुसती हात जोडून उभी राहिली होती. आम्ही पंधरा दिवस कुजबुजलो आणि मग विसरलो. ही आमची चूक. तिसरं बाक तिच्या खिडकीखालीच होतं, ते हलवा म्हणाला असतात तर आम्हीच उचलू लागलो असतो. बरं, उचलायला पुरे पडलो नसतो, पण दिशा दाखवली असती.

मागण्या अशा आहेत.

सहाही बाकं पुन्हा बसवावीत, त्यांमध्ये ७० मीटरहून जास्त अंतर नसावं. पाठ असलेली आणि दोन्ही बाजूंना हात असलेली हवीत, कारण हाताशिवायच्या बाकावरून उठताना नवीन गुडघा साथ देत नाही. निदान एका बाकाशेजारी चाकाची खुर्ची उभी राहील एवढी मोकळी जागा ठेवावी. गटाचं बाक वाटेच्या दूरच्या टोकाला, घरांपासून लांब असावं. तारेचं टोक नसलं तर उत्तम.

सभागृह सकाळी साडेसहा ते साडेसात आठवड्यातून तीन दिवस उघडं ठेवावं, वाट ओली किंवा निसरडी असेल त्या दिवशीही. किल्ली घेऊन परत आणून देण्याची जबाबदारी माझी. तीस वर्षांत एकही किल्ली हरवलेली नाही.

व्यायामशाळेची वरची वयोमर्यादा काढावी. सुरक्षेची काळजी असेल तर आठवड्यातले दोन तास एखाद्या जाणत्या प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली ठेवावेत. हमीपत्र मात्र कुठल्याच वयाला मागू नये किंवा सगळ्यांना मागावं.

फलक राहू द्या, पण आकडा पुसा. ‘कालच्यापेक्षा थोडं जास्त’ एवढं लिहिलं तरी चालेल. आणि फलक तिसऱ्या बाकाच्या जागेवरून हलवा.

हसण्याच्या मनाईऐवजी वेळ ठरवू: सातपर्यंत हळू आवाजात, सातनंतर माणसासारखं. तान्ह्या बाळाच्या आईलाही या चर्चेला बोलवावं. तिचीही इथे फारशी ओळख नाही, असं मला वाटतं. दुपारभर ती एकटीच गॅलरीत दिसते.

शेवटची मागणी. पुढच्या वेळी साठीपुढच्यांविषयी काही ठरवायचं असेल तर आमच्यातल्या दोघांना समितीच्या टेबलाशी बसवावं. ऐकण्यापुरतं नव्हे, मत देण्याच्या हक्काने.

उत्तराची वाट पंधरा दिवस बघू. त्यानंतर काय करणार, असं सचिवांनी विचारलं होतं. काही नाही. घरातल्या खुर्च्या उचलून वाटेवर आणून बसू. ड्रायव्हरकाकांनी घडीच्या खुर्चीची तयारी करून ठेवलीय, तिची एक बिजागरी मात्र त्यांना जमत नाहीये. कुणाकडे पाना असेल तर पाठवून द्या.

तोवर मस्टर फाटकाच्या पायरीवर उघडेन. आज १४ ‘ह’, दोन ‘र’. सात चौकटी रिकाम्या होत्या, सातही फोन केले. पाच जणांनी उचलले. दोघांच्या दारी जाऊन आलो: एका घरी गाढ झोप, दुसऱ्या घरी शिंपीणबाई. भिंतीपर्यंत यायचाही आता उत्साह नाही म्हणाल्या. त्यांच्यापुढे काय लिहायचं ते मला ठरवता आलं नाही, म्हणून ती चौकट पेन्सिलने सोडलीय.

आपली,
वही सांभाळणारी काकू
(२२ जणांच्या सह्या सोबत जोडल्या आहेत, एक अंगठा आहे, त्यांचा हात थरथरतो)